टॅबचा थांबा आणि काकांच्या पेट्या

वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात फॉन्टबद्दलच्या उत्तरात मी सहज एक वाक्य टाकलं होतं, 'कोड लिहायला बसण्याआधी टॅब की स्पेस ते ठरवून घ्या.' म्हणजे ओळ आत सरकवायला सुरुवातीची कोरी जागा (इंडेंटेशन) टॅबच्या कळीने सोडायची की स्पेसबारने. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं पान त्यांनाच द्यावं लागतंय. प्रिंटरची शाई वाळते अशी तक्रार करणाऱ्या राजापूरच्या काकूंनी महिनाभर कळ काढावी. आज्ञांची आणि मेनूंची नावं मी देवनागरीत लिहिते आहे, टाइप करताना ती अर्थातच इंग्रजीत करायची.

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. मी देवगडजवळच्या वाडीत राहतो, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. काकांची हापूसची कलमं आहेत. कुठल्या व्यापाऱ्याला किती पेट्या गेल्या याचा हिशेब ठेवायला मी पायथनमध्ये छोटा प्रोग्रॅम केला. मुंबईच्या आतेभावाने परत आलेल्या पेट्या वजा करायची सोय त्यात घातली आणि फाइल धाडली. चालवली तर 'टॅबएरर'. मग व्हीएस कोड या कोड लिहायच्या एडिटरमध्ये 'कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस' केलं, एरर गेला. पण मेअखेरीस बघतो तर काकांच्या वहीत २१२ पेट्या आणि संगणकावर ३८! काका सगळ्यांना सांगत फिरतात, 'ह्याच्या मशिनान आंबे खाल्ल्यान.' एरर नसताना उत्तर चुकलं कसं?

उत्तर : काकांना सांग, मशिनाने आंबे खाल्ले नाहीत. बेरीज उंबऱ्याबाहेर उभी राहिली, एवढंच झालं.

तू दोन्ही फायली पाठवल्यास ते बरं केलंस, नाहीतर मी नुसते तर्क लढवत बसले असते. तुझ्या यादीत शेवटचं नाव वाशीच्या व्यापाऱ्याचं आहे. त्याच्या नावावर ४० पेट्या, त्यांतल्या दोन परत आल्या. झाल्या ३८. बाकीच्या चौघांच्या पेट्या प्रोग्रॅमने वाचल्या, पण मिळवल्याच नाहीत.

तुझी मूळ फाइल, म्हणजे एरर देणारी, मी उघडली आणि एडिटरला न दिसणाऱ्या जागा दाखवायला सांगितलं. स्पेसच्या जागी ठिपका दिसतो, टॅबच्या जागी बाण. पायथनचे शब्द देवनागरीत घालून देते:

डेफ हिशेब(यादी):
····एकूण = ०
····फॉर व्यापारी इन यादी:
········पेट्या = वही[व्यापारी]
→एकूण = एकूण + पेट्या - परत[व्यापारी]
····रिटर्न एकूण

पाचवी ओळ बघ. सगळीकडे ठिपके आणि तिथेच एक बाण. पायथनमध्ये ओळ किती आत सरकली आहे यावरूनच ती कशाच्या आत ते ठरतं. फॉरच्या आतली ओळ दर व्यापाऱ्यामागे एकदा चालते, बाहेरची एकदाच. ही ओळ आतेभावाची. त्याच्या पडद्यावर ती 'पेट्या'च्या बरोबर खाली होती, म्हणजे फॉरच्या आत. तुझ्या पडद्यावर तीच ओळ 'फॉर'च्या खाली दिसत होती, म्हणजे बाहेर. फाइल एकच, डोळे दोघांचे चांगले, आणि दोघांनाही दिसलं ते खरंच.

याचं कारण टॅब म्हणजे चार स्पेस नव्हेत, आठही नव्हेत. टॅब हे एकच चिन्ह आहे. आस्कीच्या तक्त्यात त्याचा क्रमांक ९, स्पेसचा ३२. 'पुढच्या थांब्यापर्यंत जा' एवढाच त्याचा निरोप. थांबे किती अंतरावर आहेत हे फाइलमध्ये कुठेही लिहिलेलं नसतं, ते ज्याचा त्याचा एडिटर ठरवतो. एसटीचंच घे. रत्नागिरीहून लांज्याला जाणाऱ्या गाडीत कुणी हातखंब्याला चढो की पुढे वाटेत हात दाखवून, त्याने 'पाली' म्हटलं की तो पालीलाच उतरणार. थांबे आठ-आठ घरांवर असतील तर ओळीच्या सुरुवातीपासून निघा नाहीतर पाच घरं चालून मग निघा, टॅब तुम्हाला आठ घरं संपतात तिथेच सोडणार. स्पेस म्हणजे पायी चालणं. चार पावलं ती चारच, कुणाच्याही पडद्यावर.

आतेभाऊ विम नावाचा एडिटर वापरतो असं तू लिहिलंयस. विममध्ये मुळात टॅबस्टॉप, म्हणजे थांब्यांमधलं अंतर, आठ असतो. त्याने शिफ्टविड्थ आणि सॉफ्टटॅबस्टॉप चार करून ठेवलेत, म्हणजे आत जायची एक पायरी चार घरांची, पण टॅबऐवजी स्पेस घालणारा एक्स्पांडटॅब लावायचा राहिलाय. (हे मी छातीठोकपणे सांगते, फाइलवर त्याचे ठसे आहेत. खाली त्याने लिहिलेल्या दुसऱ्या फंक्शनमध्ये पहिली पायरी चार स्पेसची, दुसरी एका टॅबची, तिसरी टॅब आणि चार स्पेसची आहे. ही खिचडी अशाच मांडणीतून शिजते.) विम हिशेब करतो की आठ घरं मोकळी ठेवायची आहेत, मग आठ स्पेस कशाला, एक टॅब पुरे.

आता टॅबएररकडे ये. तुला तो शत्रू वाटला, पण सगळ्या घरात शहाणा तोच होता. पायथन ३ दोन ओळींची खोली ताडून बघतो, आणि टॅबची रुंदी बदलली तर त्यांचा अर्थ बदलेल असं दिसलं की चालायलाच नकार देतो. जुना पायथन २ टॅब म्हणजे आठाच्या पटीतला पुढचा थांबा असं मुकाट धरून चालायचा. पायथन ३ सांगत होता, बाबा, ही ओळ आत की बाहेर ते माणसाने ठरवावं. तू ते ठरवलं नाहीस, कन्व्हर्टवर सोडलंस. आणि व्हीएस कोडने त्याच्याजवळ होता तो आकडा वापरला. टॅब साइझ चार होती, म्हणून टॅब काढून चार स्पेस घातल्या. ओळ फॉरच्या बाहेर कायमची बसली. पायथनच्या दृष्टीने आता फाइल निर्मळ, कारण सगळे ठिपकेच. फॉर पाच वेळा फिरून पेट्या वाचतो, आणि तो संपल्यावर बेरीज एकदाच होते, शेवटच्या व्यापाऱ्याची.

दुरुस्ती कन्व्हर्ट केलेल्या फाइलवर करू नकोस. तिच्यातला पुरावा पुसला गेलाय, मूळ टॅब कुठे होते ते आता तिला ठाऊक नाही. एरर देणारी फाइलच पुन्हा उघड. खाली उजवीकडे पट्टीवर 'स्पेसेस: ४' असं दिसेल, त्यावर टिचकी मार, 'चेंज टॅब डिस्प्ले साइझ' निवड आणि आठ कर. पाचवी ओळ आपसूक आत सरकलेली दिसेल. आता, आणि आताच, 'कन्व्हर्ट इंडेंटेशन टू स्पेसेस' कर. मग सगळ्या ओळी डोळ्यांखालून घाल. आतेभावाच्या फंक्शनमध्ये एखादी ओळ वेडीवाकडी वाटली तर त्यालाच फोन करून विचार की ती कशाच्या आत आहे. हेच काम त्याने विममध्ये करायचं तर टॅबस्टॉप आठच ठेवून एक्स्पांडटॅब लावायचा आणि 'रीटॅब' म्हणायचं.

तुझ्या एडिटरात कायमच्या तीन गोष्टी करून ठेव. 'इन्सर्ट स्पेसेस' चालू, 'टॅब साइझ' चार, 'रेंडर व्हाइटस्पेस' हे 'ऑल'वर. ठिपक्यांनी पडदा पहिले चार दिवस मुंग्या लागल्यासारखा दिसतो, मग सवय होते. आणखी एक खोच आहे. व्हीएस कोडमध्ये 'डिटेक्ट इंडेंटेशन' नावाची सोय आपोआप चालू असते. फाइल उघडली की आत काय आहे ते हुंगून तो स्वतःच टॅब की स्पेस, किती, हे ठरवतो आणि तुझी सेटिंग बाजूला ठेवतो. 'सेटिंग केली पण लागूच होत नाही' असं पुष्कळजण मला सांगतात, त्याचं मूळ बहुतेक वेळा तिथे असतं. दुसऱ्यांच्या फायली हाताळताना ती सोय बरीच, घरच्या फायलींसाठी बंद केलीस तरी चालेल.

पायथनबरोबर फुकट येणारी एक दाईही आहे, तिचं नाव टॅबनॅनी. 'पायथन, डॅश एम, टॅबनॅनी' आणि पुढे फाइलचं नाव दिलं की टॅब-स्पेसच्या संशयास्पद ओळी ती काढून दाखवते. आतेभावाकडून फाइल आली की आधी दाईच्या हातात दे.

२१२ आले की काकांना दाखव. नाही आले तर मात्र वही तपासायची पाळी काकांची.

प्रश्न : मी मालवणचा. कोर्टात ३१ वर्षं टंकलेखक होतो, आता घरी असतो. नातू संगणकावर दिवसभर 'टॅब' 'टॅब' करत असतो. आमच्या रेमिंग्टनवरही टॅबची कळ होती. ही तीच का? की नावच तेवढं सारखं?

उत्तर : तीच, काका! आणि तुमचं पत्र वाचून मी अर्धा तास कामाला लागले नाही.

माझ्या बाबांचं रत्नागिरीत गोखले नाक्याच्या मागे टायपिंग इन्स्टिट्यूट होतं. नऊ यंत्रं, त्यांत दोन मराठी. सहा रेमिंग्टन, तीन गोदरेज. (गोदरेजने १९५५ मध्ये संपूर्ण भारतीय टाइपरायटर काढला, याचा बाबांना इतका अभिमान की जणू सुटे भाग यांनीच घासून दिले होते.) परीक्षेत स्पीड पॅसेज, पत्र आणि स्टेटमेंट. पॅसेजला मुलं घाबरत नसत, स्टेटमेंटला घाबरत. तुम्हाला सांगायला नको, तक्ता आखणं म्हणजे टायपिंग नव्हे, गणित. पायका टाइपची इंचाला दहा अक्षरं, म्हणजे आठ इंच कागदावर ८० घरं. प्रत्येक रकान्यातली सर्वांत लांब नोंद मोजायची, त्यांची बेरीज ८० तून वजा करायची, उरेल त्याला मोकळ्या पट्ट्यांच्या संख्येने भागायचं. मग कॅरेज त्या त्या घरावर नेऊन 'टॅब सेट'. झालं की एकेका दाबाला कॅरेज धाडकन पुढच्या रकान्यावर. काम संपलं की 'टॅब क्लिअर', नाहीतर पुढच्या मुलाचं पत्र तुमच्या तक्त्याच्या थांब्यांवर अडखळत जायचं. टॅब हे टॅब्युलेटरचं लाडाचं नाव, आणि टॅब्युलेटर म्हणजे तक्ता मांडणारा.

आपल्याकडच्या खाऱ्या हवेने जुलै-ऑगस्टमध्ये त्या टॅबच्या खिट्ट्या गंजून अडकायच्या. कॅरेज एक थांबा गाळून थेट पुढच्याला जाई आणि 'रुपये' रकान्यातला आकडा 'शेरा' रकान्यात पडे. बाबा जुन्या दातब्रशने रॉकेल लावत बसत. आधीच्या पत्रातल्या देवगडच्या मुलाचंही हेच झालंय बघा, त्याची बेरीज भलत्याच रकान्यात पडली.

पण एक फरक आहे, आणि नातवाला तो तुम्हीच समजावून सांगा, कारण यंत्र हाताळलेल्या माणसालाच तो पटकन कळेल. कागदावर टॅब दाबला की त्याचं काम तिथे संपलं. मागे राहिली ती कोरी जागा, ती टॅबने सोडली की स्पेसबार आठदा दाबून, हे कुठलाही न्यायाधीश सांगू शकणार नाही. फाइलमध्ये टॅब संपत नाही. तो दाबलेल्या अवस्थेतच साठवला जातो, आणि जो कुणी फाइल उघडेल त्याच्या यंत्रावर, त्याने लावलेल्या थांब्यांवर, पुन्हा दाबला जातो. तुमचा तक्ता कणकवलीच्या कोर्टात पोहोचताच त्यांच्या यंत्राच्या थांब्यांप्रमाणे आपोआप नव्याने टाइप व्हावा, तसं. सगळी भांडणं यातून निघतात.

यंत्र अजून घरात असेल तर फीत वाळू देऊ नका. आमच्याकडचं एक गोदरेज मी ठेवलंय. मुलांना टॅब शिकवायचा तर त्याच्याइतकं चांगलं साधन मला अजून सापडलेलं नाही.

प्रश्न : चिपळूणला आमचं छोटं ऑफिस आहे, दुकानदारांसाठी बिलिंगचं सॉफ्टवेअर करतो. २०२१ च्या पुरानंतर पहिल्या मजल्यावर आलो. तिथे दोन मुलं आहेत, एक टॅबवाला, एक स्पेसवाला. एकाने फाइल सेव्ह केली की दुसऱ्याला सगळ्या ओळी बदललेल्या दिसतात. गिटमध्ये (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनात) नक्की काय बदललं ते कळत नाही. पाणी भरलं तेव्हासुद्धा एवढी भांडणं झाली नव्हती. कोण बरोबर?

उत्तर : दोघं बरोबर आहेत, म्हणूनच भांडण मिटत नाही. एक चुकीचा असता तर दुपारच्या चहाआधी मिटलं असतं.

जगात बघाल तर थोर थोर मंडळी दोन्हीकडे आहेत. पायथनची लेखनपद्धती सांगणारा दस्तऐवज २००१ चा, त्याचं नाव पेप ८. तो म्हणतो चार स्पेस. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा लिहिणारे कर्नलवाले म्हणतात टॅब, आणि तोही आठ घरांचा. तीनपेक्षा जास्त पायऱ्या आत जावं लागत असेल तर तुमचा कोडच बिघडलाय, असा त्यांचा खाक्या. गो भाषेत वादाला जागाच ठेवलेली नाही, तिच्याबरोबर येणारं गोएफएमटी तुमची फाइल स्वतःच टॅबने मांडून देतं. सेटिंग्ज लिहायच्या यामल या पद्धतीत इंडेंटेशनसाठी टॅब चालतच नाही. २०१७ मध्ये स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटने आपल्या पाहणीतले आकडे मांडून दाखवलं होतं की स्पेसवाल्यांचा पगार टॅबवाल्यांपेक्षा जास्त असतो. तुमच्या स्पेसवाल्याला हे सांगू नका, तो वाढ मागेल.

माझं मत विचाराल तर पायथनला स्पेस, कारण त्या गावची रीत तशी आहे आणि पाहुण्याने रीत मोडू नये. पण जिथे मोकळीक आहे तिथे माझा कल अलीकडे टॅबकडे झुकलाय, आणि त्याला कारण माझ्या क्लासमधला एक मुलगा आहे. त्याला फार कमी दिसतं. पडद्यावर अक्षर एवढं मोठं करतो की एका ओळीत जेमतेम पंचवीस अक्षरं मावतात. चार स्पेसच्या तीन पायऱ्या म्हणजे त्याची अर्धी ओळ कोरी जागाच खाऊन टाकते. टॅब असला की तो आपल्यापुरती रुंदी एक करतो, माझ्या पडद्यावर ती चारच राहते, फाइलला धक्का नाही. ब्रेलच्या पट्टीवर वाचणाऱ्यांचीही अडचण अशीच, मोजकी घरं आणि त्यांतली चार रिकामी. हे कळेपर्यंत मीही वीस वर्षं कट्टर स्पेसवाली होते.

तुमच्यापुरतं बोलायचं तर निवाडा तुम्ही करा. पगार तुम्ही देता. पण तोंडी करू नका, फाइलमध्ये करा. प्रकल्पाच्या सगळ्यात वरच्या फोल्डरात 'डॉट एडिटरकॉन्फिग' नावाची फाइल ठेवा. पहिल्या ओळीत 'रूट = ट्रू'. मग चौकटी कंसात तारा, म्हणजे सगळ्या फायली. त्याखाली 'इंडेंट_स्टाइल = स्पेस' आणि 'इंडेंट_साइझ = ४', किंवा तुमचा कौल टॅबच्या बाजूने लागला तर त्याप्रमाणे. ही फाइल कोडबरोबरच गिटमध्ये जाते, म्हणून नवा मुलगा आला तरी त्याला वेगळं सांगावं लागत नाही. जेटब्रेन्स कंपनीचे एडिटर ती आपणहून वाचतात, व्हीएस कोडला 'एडिटरकॉन्फिग' नावाचं एक्स्टेन्शन घालावं लागतं, नोटपॅड प्लस प्लसला प्लगइन. दोघांच्या यंत्रांवर ते बसलंय याची खातरी स्वतः करा. 'घातलंय' म्हणणं आणि घातलेलं असणं यांत चिपळूण ते गुहागर एवढं अंतर असतं.

जुना कोड एकदाच, एका दिवशी, वेगळ्या कमिटमध्ये, म्हणजे गिटमधल्या वेगळ्या नोंदीत, सरसकट बदला. त्या कमिटमध्ये दुसरा एक शब्दही नको. आणि तोवर 'गिट डिफ' म्हणताना पुढे 'डॅश डब्ल्यू' लावा. मोकळ्या जागांतले बदल तो सोडून देतो आणि खरा बदल तेवढा दाखवतो. तुमचा निम्मा त्रास आजच संपेल.

सरसकट बदलताना मात्र माझ्यासारखं करू नका. काही वर्षांपूर्वी एका कार्यालयाला विद्यार्थ्यांची यादी द्यायची होती, रकाने टॅबने वेगळे केलेली मजकूर-फाइल. मी त्या दिवशी नोटपॅड प्लस प्लसमध्ये एकामागून एक कोडच्या फायली साफ करत होते. 'टॅब टू स्पेस', सेव्ह, पुढची. त्या नादात ही यादीही उघडी होती, तिच्यावरही हात फिरला. तिथली ती आज्ञा ओळीच्या सुरुवातीचेच नव्हे, सगळेच टॅब बदलते. पडद्यावर काही फरक दिसला नाही. दिसणार कसा, टॅबच्या जागी तेवढ्याच स्पेस. पलीकडच्या यंत्राला मात्र रकानेच सापडेनात, नाव, जन्मतारीख, बैठक क्रमांक सगळं एका रकान्यात. १४३ मुलांची यादी मी रात्री जागून पुन्हा केली, आणि त्यात लाइट दोनदा गेली. तेव्हा बदलण्याआधी फोल्डरात कोडखेरीज काय आहे ते बघा.

प्रश्न : मी कुडाळची, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला. तुमचं ऐकून एडिटरमध्ये सगळीकडे स्पेस करून टाकल्या. आता मेकफाइल चालत नाही. 'मिसिंग सेपरेटर' म्हणून थांबते. मी काहीच बदललं नव्हतं!

उत्तर : बदललंस गं, दिसलं नाही एवढंच. 'सगळीकडे' या शब्दाने घात केला. मेकफाइल म्हणजे प्रोग्रॅम कसा बांधायचा ते 'मेक' या साधनाला सांगणारी फाइल. तिच्यात नियमाखालच्या आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते. स्पेस कितीही दिल्यास तरी त्याला ती आज्ञा वाटत नाही. मेकची ग्नू मेक ही आवृत्ती असेल तर तो आठ स्पेस दिसल्या की 'आठ स्पेसऐवजी टॅब म्हणायचं होतं का?' असंही विचारतो. म्हणजे कळतंय त्याला, पण वळत नाही.

यामागची गोष्ट मला फार आवडते. मेक लिहिलं स्टुअर्ट फेल्डमन यांनी, बेल लॅब्समध्ये, १९७६ साली. नव्या ओळीनंतर टॅब, ही खूण ओळखायला सोपी, म्हणून त्यांनी ती घेतली. ती चालली, राहिली. काही आठवड्यांनी त्यांना वाटलं की हे बदलायला हवं, पण तोवर डझनभर लोक, बहुतेक मित्रच, मेक वापरू लागले होते. त्यांच्या फायली मोडायला नकोत म्हणून तसंच ठेवलं. डझनभर मित्रांच्या भिडेपोटी तुझी मेकफाइल आज कुडाळला अडली आहे. पुढे २००३ मध्ये याच मेकसाठी त्यांना एसीएम या संगणकशास्त्राच्या संघटनेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला, तेव्हा आपण रागावून उपयोग नाही.

आज्ञांच्या ओळींमागच्या स्पेस काढून एकेक टॅब दे. एडिटर टॅबच्या कळीलाही स्पेसच घालत असेल तर खालच्या पट्टीवर जाऊन या फाइलपुरतं 'इंडेंट यूझिंग टॅब्स' निवड. आणि वर चिपळूणला सांगितलेली फाइल तूही कर, तिच्यात चौकटी कंसात 'मेकफाइल' लिहून खाली 'इंडेंट_स्टाइल = टॅब' अशी एक सवलत दे. पुन्हा विचारायला लागणार नाही.

प्रश्न : दापोली तालुक्यातल्या शाळेत मी नववीला पायथन शिकवतो. संगणक सहा, मुलं चाळीस. मी व्हॉट्सअॅपवर कोड पाठवतो, मुलं फोनवरून उतरवून घेतात. निम्म्यांचे प्रोग्रॅम चालत नाहीत. डोळ्यांना एक अक्षराचा फरक नाही. आर्डुइनोवर (प्रयोगांसाठीच्या छोट्या सर्किट बोर्डावर) हीच मुलं जागा कशाही सोडतात, तो काही बोलत नाही. पायथनच का रुसतो?

उत्तर : सर, आर्डुइनोची भाषा सीच्या घराण्यातली. तिथे आत-बाहेर महिरपी कंस ठरवतात, जागा फक्त माणसाच्या डोळ्यांसाठी. मुलांनी कोड वेडावाकडा लिहिला तरी 'ऑटो फॉरमॅट' म्हटलं की आर्डुइनो स्वतः नीट बसवून देतो. पायथनमध्ये ती जागा हाच कंस आहे. ऑटो फॉरमॅटने ती हरवलेली भरून काढता येत नाही, कारण काय आत होतं हे सांगणारं दुसरं काही फाइलमध्ये नाहीच.

आणि 'एक अक्षराचा फरक नाही' म्हणता, पण असणार. एररमध्ये 'इनव्हॅलिड नॉन-प्रिंटेबल कॅरेक्टर' आणि पुढे 'यू+००ए०' असं काही दिसतं का बघा. ती न तुटणारी स्पेस, क्रमांक १६०. वेबपानांवरून उचललेल्या मजकुरात ती लपून येते, दिसते हुबेहूब स्पेससारखी, पण पायथनला हवी ३२ क्रमांकाची. दुसरा चोर अवतरणचिन्हं. कोड पाठवायच्या वाटेत कुठे सरळ चिन्हांची वळणदार झाली की पायथन ती ओळखत नाही. उपाय साधा आहे, कोड निरोप म्हणून पाठवू नका, फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा. सहा संगणकांवर थॉनी हा पायथनचा सोपा एडिटर घाला, त्यात टॅबची कळ दाबली की चार स्पेस पडतात, मुलांना काही ठरवावं लागत नाही.

उरलेल्या चौतीस मुलांसाठी मी काय करते ते सांगते. गणिताची चौकडीची वही. एका घरात एक अक्षर, फॉरच्या आत जायचं तर चार घरं सोडायची. पेन्सिलीने सोडलेल्या घरांत ठिपके द्यायला लावते. एखाद्याने तीनच ठिपके दिले तर शेजारचा लगेच ओरडतो. नववीच्या मुलांना ही वही बालिश वाटते, पहिल्या तासाला कुरकुर करतील. दुकानात पहिली-दुसरीसाठी मोठ्या चौकटींची मिळते तीच घ्या, बारीक चौकटींत ठिपका आणि पूर्णविराम यांची गल्लत होते.